मागची गाडी

आमच्या सायकलवाल्यांत ‘बसणे’ हे क्रियापद बदनाम आहे. “तो हेदवीला बसला” म्हणजे दशभुजा गणपतीसमोर बसला असं नव्हे. सायकल टाकली आणि मागच्या गाडीत बसला. हे वाक्य दिवसा कुणी बोलत नाही. रात्री पंगतीत, आमटी वाढली जात असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने टाकायचं असतं.

अलिबागहून निघालेले आम्ही बारा जण आणि आमच्या मागे एक पिकअप. हौद्यात बारा बॅगा, पाण्याचे जार, केळी, राजगिऱ्याच्या चिक्क्या, कोकम आगळाची बाटली, जादा ट्यूबा आणि पायाने दाबून धरायचा उभा पंप. चालवायला काका. सायकलशी त्यांचा संबंध शाळा सुटल्याबरोबर सुटलेला.

चौथा दिवस गुहागर ते गणपतीपुळे. साठ-पासष्ट किलोमीटर. पुण्यात एवढं अंतर कुणी सांगतही नाही, रविवारी उरकून लोक नाश्त्याला घरी असतात. पण कोकणातलं अंतर आडवं मोजून भागत नाही. सागरी महामार्ग म्हटल्यावर मला वाटलं होतं, समुद्राच्या कडेकडेने जाणार म्हणजे सपाटच असणार. प्रत्यक्षात गाव खाली पुळणीला, माडा-पोफळींत दडलेलं, आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार. रस्ता गावातून सड्यावर चढतो, वर जरा वारा खाऊ देतो आणि लगेच पुढच्या गावात उतरवतो. सह्याद्रीतला घाट एकदा चढला की निदान चढलेला राहतो. इथे घाम गाळून कमावलेली उंची पुढच्या खाडीत बुडवायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. इतरांना ही देवळांची आणि किनाऱ्यांची नावं. माझ्या मांड्यांना ती फक्त उतारांची नावं आहेत, आणि इथे उतार दिसला की पोटात गोळा येतो.

गाडीने शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, हा नियम. शेवटचा माणूस मी. म्हणजे कागदोपत्री बारा जणांची असलेली ती गाडी व्यवहारात माझी एकट्याची होती. हॉर्न नाही, घाई नाही. फक्त पहिल्या गिअरमधली ती घरघर, दहा हातांवर, सतत. घरघरीत मला शब्द ऐकू यायला लागले होते. वेळणेश्वराच्या फाट्याजवळ एक आजी लाकडांची मोळी खाली ठेवून बघत उभी होती. मला बघितलं, गाडीला बघितलं, परत मला बघितलं. “अरे, गाडी मागना येतेय ना? मग कशाला मरताव उन्हात?” याला उत्तर नाही. चार दिवस मी शोधतोय.

गाडी नसती तर मी पुण्यातून निघालोच नसतो, हे खरं. आणि गाडी नसती तर हेदवीच्या पुढचा चढ मी सायकल ढकलत, शिव्या देत का होईना, चढलोही असतो. सोय जवळ असली की माणूस दर वळणावर स्वतःशी वाटाघाटी करतो. त्या आंब्यापर्यंत. त्या मैलाच्या दगडापर्यंत. मग उजव्या पोटरीत असा गोळा आला की वाटाघाटी संपल्या. मी बसलो.

काकांनी काही विचारलं नाही. सायकल हौद्यात आडवी केली, पाण्याची बाटली दिली आणि परत पहिला गिअर टाकला. काचेतून तो चढ फारच फालतू दिसत होता, याचा मला राग आला. पुढे आमच्यातले दोघं उभं राहून पॅडल मारत होते. त्यांना ओलांडायचं नाही म्हणून काका क्लच अर्धा दाबून, गाडी थोपवत, सोडत, थोपवत. एवढ्यात लक्षात आलं की त्यांचा डावा पाय थरथरतोय.

“काका, पाय?”

“चार दिवस क्लचवरच आहे की. आठच्या स्पीडनं गाडी चालवायला शिकवलंय कुणी? तुम्ही उतारावर पाय सोडता तरी. मला तेही नाही.”

चढ संपल्यावर मी उतरलो. पोटरी बरी नव्हती, पण आत बसवेना.

तवसाळच्या जेट्टीवर सगळे थांबलेले. मागे राहिलेल्याची गंमत करायची तर ही जागा वाईट, कारण फेरीबोट लागेपर्यंत पुढच्यांनाही तिथेच ताटकळावं लागतं. घाई असेल त्याने आत भातगावच्या पुलापर्यंत जाऊन शास्त्री नदी ओलांडावी. बोट आली, फळी आपटली, दोन एसट्यांएवढी जागा झाली. सायकली कठड्याला टेकवल्या. पिकअप हँडब्रेक लावून मधोमध. काका खाली उतरले आणि गाडीच्याच सावलीत पाय लांब करून बसले. आता त्यांच्या गाडीलाही कुणीतरी वाहून नेत होतं. जयगडच्या धक्क्यापर्यंत आम्ही तेराही जण बसलेलेच होतो आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही म्हणालं नाही.

पुढचं मालगुंड, मग गणपतीपुळे, संध्याकाळ. ते सांगण्यासारखं नाही, ढकललं.

रात्री पंगत बसली. आमटी माझ्या वाटीपर्यंत आली आणि अपेक्षेप्रमाणे समोरून आवाज आला, “हे आज हेदवीच्या पुढे बसले बरं का.” हशा झाला. मीही हसलो. शेवटच्या पाटावरून काका म्हणाले, “कुणाकडं मलम आहे का हो? डाव्या पायाला लावायचंय.”

चार ट्यूबा एकदम पुढे झाल्या. “अहो, तुमच्या पायाला काय झालं?” कुणीतरी विचारलं.