ऑक्सफर्डची पेठ

आजची दुपार ऑक्सफर्डच्या चौकात घालवली. इंग्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं. लफेएट काउंटीचं मुख्यालय. मधोमध कोर्ट, भोवती दुकानं. १८६४ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, युनियनच्या म्हणजे उत्तरेकडच्या फौजेने हा चौक जाळला, आताचं कोर्ट १८७२ चं. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीभोवती पेठ वाढते ना, तसंच. निल्सनचं कपड्यांचं दुकान तर १८३९ पासून आहे!

पण जीव रमला तो स्क्वेअर बुक्समध्ये. १९७९ मध्ये सुरू झालेलं पुस्तकांचं दुकान, आता एका जुन्या औषधांच्या दुकानाच्या इमारतीत. वर जाऊन कॉफी घ्यायची आणि बाल्कनीत बसायचं, समोर कोर्टाचं घड्याळ. मुलांच्या पुस्तकांचं त्यांचं वेगळं दुकानही इथेच. एवढ्याशा गावात! विद्यापीठ आहे म्हणून जमतं, मान्य. विद्यापीठाचा फुटबॉल सामना असलेल्या शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, उन्हाळ्यात विद्यार्थी गेले की गल्ला आटतो. रोजचा किराणा लोक चौकाबाहेरच्या मोठ्या दुकानांतून आणतात.

तरी या चौकातला एकही गाळा बंद पडू नये असं फार वाटतं. ऑनलाइन स्वस्त मिळालं असतं ते पुस्तक मी इथेच पूर्ण किमतीला घेतलं. इकडे आलात तर तुम्हीही एखादं घ्याच.