आईच्या फ्रिजचं हँडल

मे महिन्यात चार दिवसांसाठी लांज्याजवळच्या आमच्या गावी गेले होते. पोचले त्या दुपारी थंड पाणी घ्यायला स्वयंपाकघरात शिरले, तर फ्रिजच्या हँडलला जुन्या नऊवारीची पट्टी गुंडाळलेली. तीन-चार वेढे, वरून सुतळीची गाठ. मला वाटलं, पिठाचे हात लागून हँडल खराब होऊ नये म्हणून असेल. सहज म्हटलं, "आई, बाजारात याची तयार कव्हरं मिळतात. पुढच्या वेळी आणते."

"कव्हर कशाला गो? मुंग्या येतात हाताला, म्हणून बांधलंय. जराश्याच येतात. फडक्यावरून धरलं की काही नाही."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

कधीपासून येतात, विचारलं. म्हणाली, आणला तेव्हापासून. आणला होता दिवाळीत. म्हणजे सात महिने. फोनवर रोज बोलणं होतं आमचं. पाऊस, पोफळी, शेजारणीची सून, सगळं बोलतो. हे तिने एकदाही सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. "नवीन मशीनला असतोच थोडा करंट," असं कुणीतरी तिला सांगितलंही होतं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते आणि हा फ्रिज घेतला तोच इन्सुलिनसाठी. शिलकीतल्या बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये माठाशेजारची ओली वाळू काही पुरी पडत नाही. सकाळी अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून, तशीच अनवाणी, ओल्या पावलांनी ती फ्रिजपाशी येते आणि दार उघडते. ओले पाय, ओला हात, खाली फरशी. तिच्या औषधासाठी म्हणून आणलेली वस्तू तिला रोज दोनदा तपासून बघत होती, आणि मध्ये होती ती एक सुती पट्टी. ती पट्टी ओली झाली असती तर?

बाबांच्या हत्यारांच्या पेटीत टेस्टर होता. पायात रबरी चप्पल घातली आणि फ्रिजच्या कडेला, जिथला रंग जरा उडाला होता तिथे, टोक टेकवलं. लाल दिवा लागला. टेस्टर अगदी थोड्या गळतीनेही लागतो, त्यामुळे करंट किती हे त्यावरून कळत नाही. पण फ्रिजच्या अंगावर तो लागायलाच नको. आधी बटण बंद केलं, मग प्लग काढला. इन्सुलिन शेजारच्या काकींच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं आणि मग प्लग हातात घेऊन नीट बघितला.

फ्रिजचा प्लग तीन पिनांचाच होता. वरची जाड, लांब पिन अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेची. ती लांब अशासाठी असते, की प्लग आत जाताना तिचा संपर्क सगळ्यात आधी व्हावा आणि बाहेर निघताना सगळ्यात शेवटी सुटावा. पण भिंतीवरचा पॉइंट जुना, दोनच भोकांचा. फ्रिज पोचवायला आलेल्या मुलांनी मध्ये एक दोन पिनांचा कन्व्हर्टर घातला होता. जाड पिन त्या प्लास्टिकच्या तुकड्यात शिरत होती आणि तिथेच संपत होती. पुढे तार नाही, काही नाही. कंपनीने फ्रिजच्या पत्र्यापासून प्लगपर्यंत हिरवी तार नीट आणून दिली होती, ती आमच्या घरात येऊन निराधार झाली होती.

कॉम्प्रेसरच्या वेटोळ्यांतून, दमट हवेमुळे, वायरच्या झिजलेल्या वेष्टणातून थोडा करंट फ्रिजच्या पत्र्यावर येऊ शकतो. अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर वाट बघत बसतो, आणि जो हात लावेल त्याच्या अंगातून जमिनीत उतरतो. साधारण एक मिलिअँपिअर गेला की मुंग्या येतात. दहाच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडू म्हटलं तरी हात सुटत नाही. तीसच्या पुढे, काही क्षण जरी टिकला, तरी हृदयाचे ठोके बिघडायची भीती. आईच्या मुंग्या आणि न सुटणारा हात यांत एवढंच अंतर आहे. "जराश्याच येतात" हे वाक्य तुमच्या घरात कुणी फ्रिजबद्दल, गिझरबद्दल, वॉशिंग मशीनबद्दल उच्चारलं, तर त्याच क्षणी उठून प्लग काढा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

संध्याकाळपर्यंत बातमी वाडीभर झाली आणि उपाय यायला लागले. एकाने सांगितलं, फ्रिजखाली लाकडी फळी घाला. फळीने फ्रिज जमिनीपासून तुटतो, पण हात लावणारी आई फळीवर नसते, फरशीवर असते. दुसरे म्हणाले, नळाला तार बांधा. पूर्वी नळ लोखंडी होते, आता अंगणात जाल तिकडे पीव्हीसी. आणि समजा लोखंडी असला, तरी फ्रिजचा करंट न्हाणीतल्या नळावर कशाला आणून सोडायचा?

तिसरा उपाय ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण तो बऱ्याच घरांत केलेला असतो. "पॉइंटमध्येच न्यूट्रलला अर्थिंग जोडून देतो, पाच मिनिटांचं काम. दोन्ही शेवटी जमिनीलाच जातात ना?" न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी तार. तिला अर्थिंग जोडलं की मुंग्या थांबतात, म्हणून लोकांना ते खरं वाटतं. पण आमच्याकडे वादळात फांदी पडून तारा तुटणं हे दर पावसाळ्याचं. न्यूट्रल कुठेतरी तुटला किंवा नुसता सैल झाला, की फ्रिजच्या आतून फिरून आलेला पूर्ण 230 व्होल्टचा दाब त्या जोडणीतून थेट पत्र्यावर येतो. दुरुस्तीत फेज, म्हणजे करंट आणणारी तार, आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली तरी तेच. मुंग्यांच्या जागी मरण. कुणी असं करून देतो म्हणालं, तर त्याला पॉइंटला हात लावू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीतला एक मुलगा आला. आयटीआय झालेला, रत्नागिरीत काम करून परत आलेला. त्याने आल्या आल्या फ्रिजकडे बघितलंच नाही, सरळ मीटरपाशी गेला. तिथून एक लोखंडी तार भिंतीला धरून जमिनीत गेलेली होती, बाबांनी घर बांधलं तेव्हाची. त्याने ती दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर हातभर तार मुळासकट निघून आली. मूळ म्हणजे काय, टोकाला नुसता गंजाचा भुगा. ती तार बघून आई गप्प झाली. इतकी वर्षं मिक्सर, इस्त्री, पंप, सगळं त्या भुग्याच्या भरवशावर चाललं होतं.

आमची जमीन जांभ्याची. पावसात चिंब आणि मेमध्ये कोरडी ठक्क, पाणी धरून म्हणून ठेवत नाही. कोरड्या जांभ्यात अर्थिंग चांगलं लागत नाही. त्यामुळे खड्डा कुठे घ्यायचा यावर बराच वेळ गेला. शेवटी जागा आईनेच दाखवली. आमच्या न्हाणीचं पाणी मागच्या केळींच्या आळ्यात जातं, तिथली माती बारा महिने ओली असते. केळींच्या मुळांना धक्का नको म्हणून तीन हात बाजूला, भिंतीपासून पाचेक फूट सोडून खड्डा घेतला. पहारीने जांभा फोडत दोन माणसांना दीड दिवस लागला. आठ फुटांचा, भोकं पाडलेला जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, पाईप उभा केला. भोवती कोळसा आणि खडेमीठ थरांवर थर घातलं, वर पाणी ओतायला तोंड ठेवलं आणि तिथून मीटरपर्यंत नवीन तार ओढली.

अर्थिंग लागलं की नाही हे त्याने शंभर वॉटच्या बल्बने दाखवलं. आधी, जुनी तार ओढायच्या अगोदर, एक टोक फेजला आणि दुसरं त्या तारेला लावलं होतं, तेव्हा बल्बची तार विझत आलेल्या उदबत्तीसारखी नुसती लाल दिसली होती. आता नवीन अर्थिंगला लावलं, तर बल्ब लखकन पेटला. (हे घरी करून बघू नका. उघड्या फेजशी खेळ आहे, तो माहितगारानेच करावा.)

मग मीटरपासून फ्रिजपर्यंत तीन तारांची वेगळी लाईन आणि तीन भोकांचा नवा पॉइंट. मध्ये कन्व्हर्टर नाही, एक्स्टेंशन बोर्ड नाही. मेनपाशी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. एमसीबी होती की आधीच, असं आईने विचारलं. पण एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, काही अँपिअर जास्त गेल्याशिवाय ती पडत नाही. माणूस त्याच्या कितीतरी आधी जातो. आरसीसीबी गेलेला करंट आणि परत आलेला करंट ताडून बघते, आणि मध्ये 30 मिलिअँपिअरची जरी गळती झाली तरी क्षणार्धात लाईट तोडते. खड्डा, पाईप, वायर, मजुरी सगळं धरून खर्च फ्रिजच्या किमतीच्या निम्म्याहून कमी आला. फ्रिज घेताना रंग कुठला घ्यायचा यावर आम्ही बहिणी तासभर बोललो होतो. घरात अर्थिंग आहे का, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं. ते मला अजून टोचतं.

फ्रिज हलवलाच होता, तेव्हा बाकीचंही मार्गी लावलं. आधी तो गॅसच्या ओट्याला चिकटून कोपऱ्यात होता, आता माजघराच्या भिंतीशी आहे, मागे वीतभर जागा सोडून, कारण आतली उष्णता त्याला मागूनच बाहेर टाकायची असते. व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर बसवला. रात्री व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर फिरायच्या ऐवजी नुसता घुमतो आणि तापतो. लाईट गेली की दार उघडायचं नाही, बंद दारात चारेक तास थंडावा टिकतो. आणि आली की लगेच चालू करायचा नाही, पाच मिनिटं जाऊ द्यायची, म्हणजे आतल्या गॅसचा दाब सारखा होतो. स्टॅबिलायझरमध्ये ती सोय आहे, तरी आईला सांगून ठेवलंय.

बर्फावरून मात्र आम्हाला जरा भांडावं लागलं. फ्रीजरच्या पत्र्यावर मला बारीक ओरखडे दिसले. आई साठलेला बर्फ उलथन्याने खरवडत होती, तव्यावरचं धिरडं सोडवावं तसा. फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर आर-600ए असं लिहिलेलं आहे. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये थंडाव्यासाठी हाच गॅस असतो. आयसोब्युटेन, म्हणजे लायटरमधल्या गॅसचा भाऊबंद. पर्यावरणाला बरा, पण पेट घेणारा. असतो थोडाच, काही ग्रॅम, पण तो ज्या नळ्यांतून फिरतो त्या त्याच पातळ पत्र्यात आहेत. उलथन्याचं टोक एकदा आरपार गेलं की फ्रिजही गेला आणि गॅस स्वयंपाकघरात. फुस्स असा आवाज आला तर आधी शेगडी, समई विझवायची, दारं-खिडक्या उघडायच्या आणि तिथल्या कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. बर्फ बोटाच्या अर्ध्या पेराएवढा झाला की थर्मोस्टॅटच्या मधलं बटण रात्री दाबून ठेवायचं. सकाळपर्यंत वितळून मागच्या ट्रेमध्ये पाणी उतरतं.

हा ट्रे आईला माहीतच नव्हता. मी काढला तेव्हा त्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्याचा जो कोरडा दिवस पाळायला आरोग्यसेविका सांगतात, त्यात पिंप आणि कुंडीबरोबर हा ट्रेही धरायचा. प्लग काढून, ट्रे ओतून, घासून परत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी इन्सुलिन परत आणलं. टेस्टर लावून बघितला, दिवा नाही. हँडलची सुतळी सोडली, पट्टी काढली आणि आईला म्हटलं, धर. तिने धरलं, पण बोटांच्या टोकांनी, तापलेलं भांडं धरतात तसं. मग हळूच पूर्ण मूठ वळली. "नाही येत," ती म्हणाली आणि दार दोनदा उघडून लावलं.

आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, टेस्ट लिहिलेलं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका खाली पडला पाहिजे. नाही पडला तर आरसीसीबी निकामी समजायची आणि माणूस बोलवायचा. महिन्यातून एकदा म्हटलं तर आई विसरेल, म्हणून आम्ही ते संकष्टीला बांधलं, कारण संकष्टी ती विसरत नाही. त्याच दिवशी अर्थिंगच्या तोंडात पाणीही घालते, पावसाळा सोडून. परवा संकष्टीला मी ऑफिसमधून निघायच्या आत तिचाच फोन आला.

"दाबलं गो. पडला खटका. परत वर केलाय."

"आणि पाणी?"

"पाऊस कोसळतोय सकाळपासनं, पाणी काय विचारतेस?"