गाडीचा पेंट तपासायचाय? आधी वरची ट्यूबलाइट बंद करा

स्वर्ल मार्क, म्हणजे पेंटवरचे बारीक ओरखडे, बघायला टॉर्च घ्यायचा म्हटलं की लोक आधी लुमेन, म्हणजे उजेड किती, ते विचारतात, पण माझ्या मते त्याआधी बघायचं ते हे की उजेड एका बिंदूतून येतोय की पसरून. ट्यूबलाइटखाली किंवा ढगाळ हवेत गाडी चकाचक दिसते कारण उजेड चहूबाजूंनी येतो आणि ओरखड्यांची चमक त्यात विरून जाते, तीच गाडी उन्हात आणा, बॉनेटभर कोळ्याचं जाळं! आणि ते ओरखडे खरं तर गोल नसतातच, वेड्यावाकड्या सगळ्या दिशांना असतात, त्यातले जे प्रतिबिंबाला वळसा घालतील असे पडलेत तेवढेच चमकतात म्हणून आपल्याला गोल दिसतात. टॉर्च सरकवला की जाळंही सोबत सरकतं, करून बघा.

म्हणून मला एकाच एलईडीचा टॉर्च आवडतो. पाच-पंचवीस एलईडीवाल्यात प्रतिबिंबंच एवढी पडतात की नजर तिथेच अडकते. सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 95 च्या आसपास असला तर उत्तम, आणि ब्राइटनेस कमी-जास्त करता आलाच पाहिजे, कारण पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवर फुल लाइट मारला तर नुसतं डोळ्यांवर येतं, बारीक रेघ दिसतच नाही. अशा वेळी लाइट मंद करायचा, जमलं तर पिवळसर करून बघायचा, आणि टॉर्च तिरका धरून हळूहळू फिरवत राहायचा. रोटरी पॉलिशरने (गोल फिरणाऱ्या पॉलिशच्या मशीनने) सोडलेले होलोग्राम, म्हणजे त्याच्या बारीक खुणा, तर ठरावीक कोनातच दिसतात, एका जागी उभं राहून ते सापडणार नाहीत.

ट्यूबलाइट अगदीच बिनकामाची नाही हं. ऑरेंज पील (पेंटवरचा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) आणि छोटे डेंट बघायला तीच बेस्ट, पेंटमधल्या प्रतिबिंबाची कड सरळ आहे की लहरतेय एवढंच बघायचं.

फक्त दिसली रेघ की घासली असं करू नका. कंपनीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, दर पॉलिशिंगला तो थोडा थोडा कमी होतो, आणि नख अडकेल इतका खोल ओरखडा बहुतेक वेळा पॉलिशने जातही नाही.

पॉलिश झाल्यावर लगेच टॉर्च मारून खूश होऊ नका, पॉलिशमधलं तेल रेघांमध्ये बसून त्या लपवतं. आधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅनल पुसा, मग टॉर्चने बघा, आणि शेवटी गाडी उन्हात काढून परत एकदा सगळीकडून बघा.