चिपीची धावपट्टी आणि मुंबईचा स्लॉट

सिंधुदुर्गात विमान उतरणार की नाही, हा वाद ९ ऑक्टोबर २०२१ ला संपला. परुळे-चिपीच्या माळावर त्या दिवशी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईची सेवा सुरू झाली. धावपट्टी २,५०० मीटरची, म्हणजे एअरबस ए-३२० ला पुरणारी. तरीही तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अलायन्स एअरची मुंबई-चिपी सेवा थांबली. धावपट्टी तीच होती, मुंबईला जाणारी माणसंही तीच होती. मात्र लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत या मार्गाला मिळालेली मुदत संपली होती.

उडानमध्ये विमान कंपन्या मार्गासाठी बोली लावतात आणि जी सर्वात कमी तफावत निधी, म्हणजे तोटा भरून काढणारं सरकारी अनुदान, मागते तिला मार्ग मिळतो. विमानातल्या साधारण निम्म्या जागा मर्यादित भाड्याला विकायच्या. योजना सुरू झाली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला ही मर्यादा २,५०० रुपये होती. त्यातला तोटा सरकार भरून देतं, बहुतेक राज्यांत केंद्र ८० टक्के आणि राज्य २० टक्के. विमानतळावर उतरण्याचं आणि विमान उभं करण्याचं शुल्क माफ, इंधनावरचा व्हॅट १ टक्का. पण तफावत निधी फक्त तीन वर्षं मिळतो. त्यानंतर सगळ्या जागा बाजारभावाने विकाव्या लागतात आणि खरी मागणी किती, ते तेव्हा कळतं. हे दुखणं एकट्या चिपीचं नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पुरी केली आणि मार्च २०२३ ला त्यांतले ५४ चालू होते.

आता चिपीचं गणित मांडून बघू. ७० आसनांचं एटीआर, म्हणजे पंख्याचं लहान विमान, रोज एक येणं, एक जाणं. वर्षाला ५१,१०० जागा होतात. ७० टक्के भरायच्या तर रोज प्रत्येक बाजूने ४९ प्रवासी हवेत. २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या आणि मुंबईत घरटी एखादा माणूस असलेल्या जिल्ह्याला ४९ हा आकडा मुळीच मोठा नाही. अडचण अशी की ही ४९ माणसं रोज सारखी येत नाहीत. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चाकरमान्यांनी भरलेलं विमान चिपीला उतरतं आणि मुंबईला जवळजवळ मोकळं परत जातं, विसर्जनानंतर उलटं. त्यामुळे "तिकीटच मिळत नाही" ही प्रवाशाची तक्रार आणि "विमान निम्मंच भरतं" हा कंपनीचा हिशेब, दोन्ही एकाच आठवड्यात खरे असतात. मे महिना आणि डिसेंबर उत्तम जातात. जून ते ऑगस्ट तारकर्ली-मालवणचे जलक्रीडा व्यवसाय बंद, म्हणजे पर्यटकही नाही.

माझ्या मते मात्र सगळ्यात मोठी गाठ मुंबईच्या स्लॉटची, म्हणजे विमानाला उतरायला-उडायला नेमून दिलेल्या वेळेची, आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तासाला पन्नासच्या आतच विमानं चढउतार करतात. सकाळी सात ते नऊमधला स्लॉट १८० आसनांच्या दिल्लीच्या विमानाला द्यायचा की ७० आसनांच्या एटीआरला, हा निर्णय कोणतीही कंपनी एकाच दिशेने घेईल. म्हणून लहान विमानतळांच्या वाट्याला दुपार येते. चिपीच्या बाबतीत तेच झालं.

दुपारच्या विमानाने नेमकं काय बिघडतं ते पाहा. कुडाळच्या माणसाचं मंत्रालयात दोन तासांचं काम आहे. दुपारी निघून तो मुंबईत पोचेपर्यंत कार्यालयं आवरायला लागलेली असतात. काम दुसऱ्या दिवशी होतं आणि परतीचं विमान तिसऱ्या दिवशी, म्हणजे मुंबईत दोन रात्रींचा मुक्काम. हाच माणूस संध्याकाळी कोकणकन्येत बसला तर पहाटे मुंबईत, दिवसभरात काम आणि रात्रीच्या गाडीने परत. मुक्कामाचा खर्च शून्य. तिकीट निम्म्यावर आणलं तरी विमान इथे हरतं. भरवशाचा बारमाही प्रवासी म्हणजे कामासाठी जाणारा, आणि तोच या वेळापत्रकात बसत नाही.

दुसरी गाठ दृश्यमानतेची. सुरुवातीची वर्षं चिपीला विमानं नजरेच्या भरवशावर, म्हणजे व्हीएफआर पद्धतीने, उतरत होती. त्याला किमान ५ किलोमीटर दृश्यमानता लागते आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी हा मार्ग बंद होतो. कोकणात जुलैच्या पावसात ५ किलोमीटर दिसणं हा नशिबाचा भाग. शिर्डीतही नोव्हेंबर २०१९ मध्ये कमी दृश्यमानतेमुळे सगळी उड्डाणं काही आठवडे बंद होती, तीही ऐन हंगामात. यावर आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीवर आणणारी यंत्रणा, हा जुना उपाय आहे, पण त्यासाठी जमिनीवर महागडी यंत्रणा लागते. उपग्रहावर चालणारी गगन प्रणाली लहान विमानतळांना जास्त परवडेल. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला तिच्या आधारे एटीआर उतरवून दाखवलं गेलं. तरी केवळ यंत्र बसवून भागत नाही. उपकरणांच्या आधारे उतरायचं तर धावपट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटर पट्टा मोकळा आणि सपाट लागतो. भोवतालच्या डोंगरांचं, झाडांचं, मनोऱ्यांचं मोजमाप, उतरण्याच्या मार्गाची आखणी, चाचणी उड्डाण आणि डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाची मंजुरी, असा तो क्रम आहे. जमीन घेतानाच हा पट्टा कमी धरला की पुढे वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं.

यात आणखी एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. लहान विमानतळावर हवाई नियंत्रण आणि अग्निशमनाची एकच पाळी असते. मुंबईत गर्दीमुळे विमान दीड तास उशिरा सुटलं की इकडे पाळी संपायची वेळ येते आणि उड्डाण रद्द होतं. हवामान स्वच्छ, विमान ठणठणीत, तरी रद्द. असा अनुभव दोनदा आला की माणूस तिसऱ्यांदा रेल्वेचं आरक्षण काढतो किंवा मोपाला जातो.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गला चिपीपेक्षा मोपाच जवळ, आणि तिथे दिवसभरात पर्याय अनेक. त्या पट्ट्यातला प्रवासी चिपीने मोजूच नये. चिपीचं खरं क्षेत्र म्हणजे वेंगुर्ले, मालवण, कुडाळ, कणकवली आणि देवगड. तिथल्या माणसाला चिपी जवळ पडतं, पण धावपट्टीपर्यंत एसटी नसेल आणि रिक्षा-टॅक्सीवाला दोन्ही बाजूंचं भाडं लावत असेल, तर ते अंतर खिशाला लांबच.

मार्ग आणायचा तर निवेदनं आणि फोटो पुरत नाहीत, कंपनीपुढे आकडे ठेवावे लागतात. मोपाच्या वाहनतळावर सिंधुदुर्गच्या, एमएच-०७ च्या गाड्या आठवडाभर मोजा. कणकवली, कुडाळहून मुंबईला वातानुकूलित वर्गाची आरक्षणं महिन्यागणिक काढा. हॉटेलवाल्यांकडून जून ते सप्टेंबरसाठी विमानातल्या जागांची आगाऊ हमी घ्या, कारण मे महिन्यासाठी हमीची गरजच नसते. फ्लाय९१ या विमान कंपनीने २०२४ मध्ये चिपीहून बंगळूर, हैदराबाद आणि पुणे जोडलं, ते मुंबईच्या स्लॉटवर न अडता. ही वाट शहाणपणाची होती. हमीचा पैसा मुंबईच्या दुपारच्या विमानापेक्षा अशा मार्गांवर आधी लावावा.

मुंबईसाठी आता नवी मुंबईकडे बघायला हवं. तिथून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली, आणि पनवेल, डोंबिवली, कल्याणमध्ये राहणाऱ्या चाकरमान्याला अंधेरीपेक्षा तेच सोयीचं. नव्या विमानतळावर सकाळचे स्लॉट भरायच्या आत मागणी नोंदवली पाहिजे. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं आणि त्याची स्लॉट-मागणी कितीतरी महिने आधी जाते. फेब्रुवारीत शिष्टमंडळ नेलं तर उशीर झालेला असतो. दसऱ्याच्या आधी कागद तयार हवेत, आणि मागायचं ते एकच: सकाळी आठच्या आत चिपीहून जाणारं आणि संध्याकाळी परतणारं विमान. त्यासाठी विमान रात्री चिपीलाच मुक्कामाला हवं, म्हणजे रात्रीचं उतरणं, दुसरी पाळी आणि इंधनाची सोय आधी लावावी लागेल.