सव्विसावी बाजू

ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई आधी मशीनकडे बघते, मग टीव्हीशेजारच्या कपाटातल्या निळसर काळ्या गोळ्याकडे, आणि विचारते, "हे तुम्ही केलंत? किती वेळ लागला हो?" इतक्या जणींनी विचारलंय की मी सरळ "चार संध्याकाळी" असं ठोकून द्यायला लागले होते. ते अर्धंच खरं आहे. चार संध्याकाळी लागल्या पंचवीस बाजूंना. सव्विसाव्या बाजूला अकरा दिवस लागले. आता जरा नीट सांगते.

गोळा म्हणजे कागदाचा आर्यभट. आपला पहिला उपग्रह, 19 एप्रिल 1975 रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यारहून वर गेलेला. दोन रुपयांच्या जुन्या नोटेच्या मागच्या बाजूला त्याचं चित्र असायचं. माझ्या वयाच्या लोकांना ती नोट आठवते, मागे काय होतं ते आठवत नाही. मला तो करावासा वाटला तो नोटेमुळे, आणि आकारामुळे. जगातला पहिला उपग्रह स्पुटनिक अगदी गोल होता. कागदाचा खरा गोल होत नाही, कापडाचाही होत नाही. कळ्या जोडून तो आणावा लागतो. आर्यभट मात्र सगळा सपाट बाजूंचा. एकूण 26: वरची एक, खालची एक, आणि मधल्या 24 बाजूंवर सौरघट, म्हणजे उन्हापासून वीज करणारे तुकडे.

व्यास साधारण 1.4 मीटर, वजन 360 किलो. विसास एक या प्रमाणात तो सात सेंटिमीटरचा होतो, म्हणजे मोसंब्याएवढा. भाचीनं संगणकावर आखून दिलं: आठ चौकोनांचा मधला पट्टा, त्याच्या वर-खाली आठ-आठ निमुळत्या बाजू, आणि दोन अष्टकोनी झाकणं. सौरघटांचे चौकोन तिनं आधीच रंगवले होते. तीन पानं, 200 जीएसएमची (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाची) कार्डशीट. याहून जाड घेतलीत तर एवढ्या लहान आकाराला घडी नीट बसत नाही, कोपरे फुगतात.

पहिला घोटाळा छपाईच्या दुकानातच झाला. काउंटरवरच्या मुलानं दोन पानं बरोबर छापली आणि तिसऱ्याला "फिट टू पेज" राहून गेलं, म्हणजे पानात बसवायला चित्र थोडं लहान झालं. घरी येईपर्यंत मला पत्ता नाही. मधला पट्टा 29 मिलिमीटरच्या आठ बाजूंचा, म्हणजे 232 मिलिमीटर. त्याला जोडायची निमुळत्या बाजूंची कड भरली 225. सात मिलिमीटरचा फरक शिवणात मी डोळे मिटून जिरवते, बाहीच्या गोलाईत तर मुद्दाम ठेवते. कापड समजून घेतं. कागद घेत नाही, तो सरळ पोक काढतो. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरची रेघ छापून घेते आणि पट्टी लावून मोजल्याशिवाय पैसे देत नाही.

बाकीचं काम शिवणकाम येणाऱ्या बाईला नवीन नाही. कडेला चिकटवायला जी पट्टी सोडतात, तिला भाची टॅब म्हणते, मी माया म्हणते. कापडाला उभा-आडवा धागा असतो तसा कागदालाही असतो: शीट दोन्ही दिशांनी हलकी वाकवून बघा, एकीकडे ती सहज वळते. लांब घड्या त्या दिशेनं आल्या तर चिरत नाहीत. घडी घालायच्या आधी संपलेल्या बॉलपेननं, स्टीलची पट्टी धरून, रेघ दाबून घ्यायची. फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकानं, ओला दिसेल न दिसेल इतकाच. जास्त झाला की कागद पाणी पितो आणि फुगतो. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्यांच्यावरून जोडायच्या आधीच निळं स्केचपेन फिरवायचं. हे केलं नाही तर कितीही सुबक करा, लांबून शाळेचा प्रोजेक्ट दिसतो.

आता सव्विसावी. तोपर्यंत प्रत्येक जोड आतून बोट लावून दाबता येतो. शेवटचं झाकण लावताना बोट बाहेर असतं आणि दाबायचं आतून असतं. शिवाय आधीच्या सगळ्या घड्यांत धाग्याधाग्याएवढ्या ज्या चुका झालेल्या असतात, त्या सगळ्या मुक्कामाला इथेच येतात. माझा अष्टकोन एका कोपऱ्यात चिकटला की समोरचा उघडायचा. जोर लावला तर अख्खी बाजू आत गेली. ब्लेडनं सोडवायला गेले तर माया फाटली. पावसाळा होता, फेव्हिकॉल वाळायचं नाव घेईना, आणि रात्रीत कार्डशीट पापडासारखी मऊ. चौथ्या दिवशी मी तो फ्रीजवर ठेवून दिला आणि कुणाच्या तरी मुंजीचे ब्लाउज पुरे केले.

उपाय सापडला तो क्रोशाची सुई हातात असताना. खालच्या झाकणाला मध्यभागी स्टँडसाठी भोक होतंच. मग ठरवलं, शेवटी खालचंच झाकण लावायचं, वरचं नाही. नवं पान छापून आणलं (रेघ मोजून!), झाकणाची एक कड आधी चिकटवून रात्रभर वाळू दिली, दाराच्या बिजागरीसारखी. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सात मायांना फेव्हिकॉल लावला, झाकण मिटलं, भोकातून क्रोशाची सुई आत घातली आणि तिच्या आकड्यानं एकेक माया झाकणाकडे ओढून धरली. प्रत्येकीला तीनशेपर्यंत मोजायचं. हाताला मुंग्या आल्या.

खऱ्या आर्यभटाला मात्र अशी सुई घालायची सोय नव्हती. बंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये, उडुपी रामचंद्र राव यांच्या हाताखालच्या तरुण मंडळींनी तो जोडला. वर गेल्यावर चार-पाच दिवसांतच वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि आतले प्रयोग बंद पडले. संदेश पुढेही येत राहिले, आणि फेब्रुवारी 1992 मध्ये तो वातावरणात शिरून संपला. बंद पडला म्हणून लोक नाक मुरडतात, त्यांना मी गोळा हातात देते आणि काही बोलत नाही.

एक गंमत मात्र सगळ्यांना दाखवते. दिवे घालवायचे, टॉर्च समोरून जरा लांब धरायचा आणि गोळा स्टँडवर हळूहळू फिरवायचा. उजळलेल्या बाजू मोजा: कधी नऊ, कधी बारा. बाहेर उघडणारे पंख त्याला नव्हते, म्हणून सगळ्या अंगावरच सौरघट. तो स्वतःभोवती फिरत राहायचा आणि प्रत्येक बाजूला आळीपाळीनं ऊन मिळायचं. हे मला वाचून कळलं नव्हतं, टॉर्चनं कळलं.

मोठी माणसं वेळ विचारतात. लहान मुलं गोळा कानाशी धरून हलवतात आणि आत काय वाजतं ते विचारतात. टूथपिकचं मोडलेलं टोक आहे. झाकण मिटल्यावर लक्षात आलं.