बोट कापतंय कशानं, ते अखेर सापडलं

दोन महिने गळ फेकताना उजव्या हाताची तर्जनी त्याच एका पेरावर चिरत होती आणि दोन महिने मी भलत्याच वस्तूला शिव्या घालत होतो. गेल्या बुधवारी रात्री परसातल्या पेरूच्या झाडाला ब्रेड, म्हणजे मासेमारीचा विणलेला दोरा, बांधून ओढला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. नोंद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सामान तेच. १० फुटी रॉड, ४००० मापाचं रीळ, ४ पदरी ब्रेड पीई २ (हा जाडीचा नंबर), स्प्रिंग फीडरवर (चारा धरणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर) शेंगदाणा पेंडेचा गोळा. शिसं ४० ग्रॅम आणि भिजलेली पेंड तीस-पस्तीस ग्रॅम. म्हणजे बेल (रिळावरची दोरा अडवणारी तारेची कमान) उघडून, दोरा बोटानं धरून झटका दिला की पाऊणशे ग्रॅमचा ऐवज एका पेरावर येतो, तोही ०.२३५ मिमीच्या दोऱ्यावरून. एवढ्याच ताकदीचा नायलॉन जवळपास दुप्पट जाड असतो, शिवाय थोडा ताणून हिसका खातो. ब्रेड काही खात नाही, सगळं बोटाला देतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आहे. रविवारच्या चिरेत सोमवारी कूलंट शिरलं की काय होतं ते विचारू नका.

आतापर्यंतचे उपाय थोडक्यात. मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी पाण्यानं गोळा होते आणि तिचा गोंद दोऱ्याला लागतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटावर चढवला तर रबर दोरा सोडतच नाही, सुटतो तेव्हा उशीर झालेला असतो. भोजच्या संगमावर माझं शिसं पायापुढं दोन हातांवर आपटलं, आमच्या दोस्ताच्या पँटवर चिखल. शिंप्याचा अंगुस्ताना उलटा, त्यावरून दोरा आधीच निसटला, फीडर सरळ आभाळात गेला आणि आम्ही दोघं डोकी धरून खाली बसलो. मग साडेतीनशे रुपये मोजून तयार बोटमोजा मागवला. त्याची शिवण नेमकी दोरा बसतो तिथंच! दुसऱ्या फेरीत उसवला. ज्यानं तो बनवला त्यानं आयुष्यात एकदाही शिसं फेकलेलं नसणार.

नंतर सासुरवाडीला निपाणीला गेलो होतो, तिथल्या चपला शिवणाऱ्या मामांकडं गेलो.

"मामा, ह्या बोटाला एक टोपण शिवून द्या की."

"बोटाला? पायाचं झालं, आता हातालाबी चप्पल?"

पण शिवलं. पहिलं म्हशीच्या कातड्याचं, तळव्याच्या कातरणीतलं. बोट लाकडाचं झाल्यासारखं वाटायचं, दोरा कधी सुटला तेच कळायचं नाही. दुसरं शेळीच्या कातड्याचं, जेमतेम एक मिमी, शिवण नखाच्या बाजूला, मनगटाला इलॅस्टिक. हे झकास. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं भिजून वाळलं की पापडासारखं कडक होतं, म्हणून मामांनी दर फेरीनंतर एरंडेल चोळायला सांगितलंय. (कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून, त्यात आपलं बेळगावही आहे. सीमेचं काय व्हायचं ते होवो, चप्पल दोन्हीकडची आहे.)

तीन फेऱ्या मजेत गेल्या. चौथ्या फेरीत बोट परत ओलं. बघतो तर रक्त. कातड्यात आरपार चीर.

इथं मी मामांना फोन लावायला निघालो होतो, कातडं हलकं निघालं म्हणून. बरं झालं, लावला नाही. टोपण भिंगाखाली धरलं तर चिरेच्या कडा भुसभुशीत, तंतू एका बाजूला लोळलेले आणि चीर तिरकी. नुसत्या दाबानं कातडं असं फाटत नाही, दाबानं खळगा पडतो. हे करवतीनं कापल्यासारखं होतं. म्हणजे फेकताना दोरा बोटावर बसून राहत नव्हता, भार असतानाच सरकत होता.

सरकणार कुठून? बेल उघडी असली तरी बोटामागचा दोरा स्पूलवर, म्हणजे रिळाच्या फिरकीवरच असतो. ड्रॅग (स्पूलचा ब्रेक) सैल असेल तर झटक्यात स्पूल फिरतो आणि दोरा बोटावरून पळतो. हे जुन्या मंडळींनी मला आधीच सांगितलं होतं. मी फेकताना ड्रॅग आवळतच होतो. तरीही आता पार गच्च, पकडीनं फिरवावा लागेल इतका आवळला. पुढच्या फेरीत नव्या टोपणावर तशीच तिरकी चीर. ह्या ठिकाणी माझं डोकं बंद पडलं. आठ पदरी ब्रेड मागवायचा ठरवला, तो मऊ असतो म्हणून. पैसे भरायचेच बाकी होते.

बुधवारी रात्री ड्रॅग गच्च ठेवून दोऱ्याचं टोक पेरूला बांधलं आणि रॉड घेऊन मागं चालत गेलो. हँडल हललं नाही. स्पूलही हलला नाही. आणि दोरा येतोय! घरातून नेलपॉलिश आणलं. एक ठिपका स्पूलच्या ओठावर, एक त्याच्यासमोर गुंडाळलेल्या दोऱ्यावर. परत ओढलं. स्पूलचा ठिपका जागच्या जागी, दोऱ्याचा ठिपका मात्र अर्धा फेरा पुढं.

सगळा ब्रेड एका गठ्ठ्यानं स्पूलवर गरगरत होता. लेथच्या पकडीत, चकमध्ये, जॉब सरकतो तसा. रोज जॉब पक्का धरणाऱ्या माणसाला हे दोन महिने कळू नये, ह्याची लाज अजून गेलेली नाही. कारण साधं आहे: ब्रेडचा धागा गुळगुळीत पॉलिथिलिनचा, तो नागड्या ॲल्युमिनियमवर थेट बांधला की पकड कसली घेणार? नायलॉन ताणून बसतो, धातूला आवळून धरतो. ज्या दुकानात घेतला तिथं "गुंडाळणं फुकट" होतं. फुकटात बुडाला नायलॉन मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलंय.

गुरुवारी सगळा ब्रेड काढला. स्पूलला इन्सुलेशन टेपचा एक वेढा, त्यावर १० मीटर नायलॉन, दोन्ही दोरे जोडायला डबल युनी गाठ, मग ब्रेड ओल्या फडक्यातून ताणून गुंडाळला. त्यातच हुशारी सुचली: झिजलेलं टोक आत घालू आणि कोरं बाहेर काढू. बाटलीवर उतरवला, बाटलीवरून परत रिळावर. झिजलेलं टोक परत बाहेर! दोनदा उलटवलं की मूळपदावर येणारच की. रिळावरून पहिल्या बाटलीवर, तिथून दुसऱ्या बाटलीवर आणि मग रिळावर, अशा तीन उतरणी लागतात. रात्रीचे साडेबारा वाजले. आप्पा उठून बघून गेले, काही बोलले नाहीत.

रविवारी हिडकलच्या बॅकवॉटरला. लीडरही (ब्रेडच्या पुढं जोडायचा जाड नायलॉनचा तुकडा) लावायचा होता, पण दोन बदल एकदम केले तर गुण कुणाचा ते कळणार नाही, म्हणून पहिल्या दहा फेकी बिनलीडरच्या. नव्या टोपणावर मार्करनं काळा पट्टा ओढला. दोरा घासला तर शाई जाणार. दहा फेकींनंतर पट्ट्यावर एक बारीक दाब, शाई जागेवर. मी ते टोपण दोस्ताच्या नाकाखाली नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "बरं बा, मासा कुठाय?"

मग लीडर. दर औंस वजनाला १० पौंड धरतात, माझं वजन पावणेतीन औंसाच्या आत, म्हणून ३० पौंडी नायलॉन, पाच मीटर. वजन लोंबतं ठेवूनही स्पूलवर पाच-सहा वेढे उरतात, म्हणजे बोटावर ब्रेड येतच नाही. ब्रेड-लीडर जोडणारी एफजी गाठ स्पूलच्या बुडाकडं ठेवायची, बोटाकडं आली की सुटताना ओरबाडते. टोपण काढून उघड्या बोटानं चाळीसेक फेकी केल्या. बोट लाल झालं, चिरलं नाही. पल्ला चार-पाच पावलांनी घटला आणि गाठीवर शेवाळ गोळा होतं, पण ते परवडलं.

आठ पदरी रद्द. टोपण मात्र ठेवणार. वेंगुर्ल्याला १०० ग्रॅम फेकायचंय, तिथं ४० पौंडी लीडर आणि वर कातडं, दोन्ही.

आता नवं दुखणं. ड्रॅग गच्च करून फेकायचं आणि बेल पडली की सोडायचा. चौथ्या की पाचव्या लीडरच्या फेकीनंतर मी सोडायलाच विसरलो. डबा उघडून भाकरी मोडतोय तोवर रॉड स्टँडवरून उचलला गेला आणि सरळ पाण्यात. कंबरेएवढ्या पाण्यात जाऊन धरला, तोवर गळ सरळ झालेला. कटलाच असणार, आणि मोठा.

आठवणीसाठी दांडीला लाल दोरा बांधावा म्हणत होतो, पण हे लिहिता लिहिता दुसरं सुचलं. आताच ड्रॅगचा नॉब फिरवून बघितला: फेकीच्या गच्चपणापासून माशाच्या सैलपणापर्यंत पाऊण आटासुद्धा लागत नाही. म्हणजे नॉबच्या कडेला दोन ठिपके पुरतील, एक फेकीचा, एक माशाचा. नेलपॉलिशची बाटली अजून माझ्याच टॅकल बॉक्समध्ये आहे, आणि आतून दोनदा विचारणा झालेली आहे. ठिपके आज रात्रीच मारून घेतो.