खिशातला चाकू आणि आमची खारी हवा

खिशात चाकू ठेवणारा माणूस म्हटलं की आपल्या लोकांना थेट जुन्या हिंदी पिक्चरमधला व्हिलन आठवतो. खटका दाबला, खट्, पातं बाहेर. त्या रामपुरीने समस्त चाकूजमातीचं नाव खराब करून ठेवलंय. आणि हेच लोक गोव्यात फोंड्याला मामाकडे जेवायला आले की आदोळीवर, म्हणजे विळीवर, सपासप इसवण (सुरमई) कापणाऱ्या मामीकडे कौतुकाने बघत बसतात, तिच्या आदोळीचं पातं माझ्या चाकूच्या चौपट असतं त्याचं कोणाला काही वाटत नाही!

मला चाकू हवा होता कुळागरासाठी, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेसाठी. तिथे फिरताना काय काय लागतं, मिऱ्याची वेल बांधलेला सुंभ कापायचा, केळीचं पान काढायचं, पाण्याच्या पाइपचं फाटलेलं टोक छाटायचं, आणि पिकलेला मानकुराद आंबा हाती लागलाच तर घरी नेण्याएवढा धीर कोणाला आहे. ह्या कामांना कोयता म्हणजे फारच झालं आणि किचनमधली सुरी खिशात घालून कोणी फिरत नाही. म्हणजे घडीचाच चाकू. बजेट दोन हजाराच्या आत-बाहेर. आई म्हणाली, "घरात सुऱ्यांचा ढीग पडलाय, आणि तू पैसे मोजून खेळणं आणतोयस." मी आपला गप्प.

ह्या किमतीत शोधायला लागलं की आधी दिसतो तो नुसता झगमगाट. काळं कोटिंग, मुठीवर कवटी, अर्ध्या पात्याला करवतीसारखे दात, मागे गाडीची काच फोडायचं टोक, शिवाय बाटली उघडायची सोय, आणि पात्यावर दमास्कस स्टीलसारखी लाटांची नक्षी जी बऱ्याचदा लेझरने वरच्यावर काढलेली असते. साधा हिशोब करा. दोन हजारात हे सगळं देतोय म्हणजे कुठेतरी हात आखडलाय, आणि तो बहुतेक वेळा नेमका पात्याच्या स्टीलमध्ये आणि उघडलेलं पातं अडकवून धरणाऱ्या लॉकमध्ये, म्हणजे जे फोटोत दिसत नाही तिथे. त्या दातांची तर मला मनापासून चीड आहे, घरच्या सपाट दगडावर त्यांना धार लावता येत नाही, म्हणजे एकदा बोथट झाले की झाले. पात्यावर स्टीलचं नाव म्हणून नुसतं ४४० लिहिलेलं असेल तरी जरा थांबावं, कारण ४४० ए आणि ४४० सी यांच्या कार्बनमध्ये, म्हणजेच धार टिकण्यात, चांगलाच फरक आहे, आणि ज्याच्याकडे सी असतं तो ते अक्षर लिहायला विसरत नाही.

मग स्वस्तातल्या चांगल्या चाकूंमध्ये सध्या डी२ स्टीलचं भारी कौतुक चालू आहे. स्टील उत्तमच, धार खूप टिकते, पण आपल्या हवेत नको. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण कार्बनही दीड टक्का, आणि तो कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःला चिकटवून घेतो, गंज अडवायला मोकळं उरतं थोडंच. कोरड्या गावात चालून जाईल, आमच्याकडे जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेवर बुरशी येते हो. त्यापेक्षा १२सी२७ नावाचं स्वीडिश स्टील बघा, क्रोमियम साडेतेरा टक्के आणि कार्बन फक्त ०.६. धार डी२ एवढी टिकत नाही हे खरं, पण दगडावर चारदा घासलं की परत येते, आणि पहिलाच चाकू घेणाऱ्याला हेच सोयीचं.

शेवटी माझ्यापुढे दोनच उरले. एक स्वित्झर्लंडचा लाल मुठीवाला व्हिक्टोरिनॉक्स, ज्यांनी १८९१ साली तिथल्या सैन्याला पहिले चाकू पुरवले. दुसरा फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातला ओपिनेल, १८९० पासूनचा. दोघांमधलं मला आवडलेलं म्हणजे पैसे कुठे वाचवलेत ते उघड दिसतं. स्विस चाकूच्या साध्या मॉडेलला मूठ प्लास्टिकची आणि लॉक नाही, नुसती स्प्रिंग. ओपिनेलचे तर सगळे मिळून पाचच भाग, पातं, लाकडी मूठ, रिव्हेट आणि दोन कड्या. त्यातली बाहेरची कडी फिरवली की पातं जागच्या जागी अडकतं, ही युक्ती १९५५ ची. बॉल बेअरिंग नाही, खटका नाही, उघडायला चक्क दोन हात लागतात त्यामुळे व्हिलनगिरी जमत नाही, आईला हे सांगितल्यावर ती जरा निवळली.

मी ओपिनेलचा ८ नंबर घेतला, साडेआठ सेंटीमीटर पातं, स्टेनलेसवाला. त्याच्यात कार्बन स्टीलचाही येतो आणि जाणकार लोक तोच घ्या म्हणतात, धार लवकर लागते वगैरे. पण कार्बनच्या पात्याने कैरी कापा, बघता बघता निळं-काळं होतं. भिरंडं (कोकमाची फळं) फोडायला गेलात तर विचारूच नका. ज्यांना तो रंग आवडतो त्यांनी खुशाल घ्यावा, मला सोलकढीला लोखंडाची चव नकोय.

एक गोष्ट मात्र आषाढात कळली. मूठ बीच झाडाच्या लाकडाची, ती दमट हवेत फुगते आणि पातं खाचेत असं घट्ट बसतं की नख मोडेल पण उघडणार नाही. यावर त्या सॅव्हॉयवाल्यांचीच युक्ती आहे. कडी मोकळी करायची, मुठीचं मागचं टोक, म्हणजे कडीच्या विरुद्ध बाजूचं, सोप्याच्या कट्ट्यावर टक् करून आपटायचं, पात्याचं टोक दाणाभर वर उचललं जातं, तेवढं चिमटीत धरून ओढायचं. शेजारचे काका एकदा हे बघून म्हणाले, "रे, मोडला काय?" आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवतात. लाकडाला अधूनमधून जवसाचं तेल चोळलं की फुगणं बरंच कमी होतं, आणि पात्याला खोबरेलचं बोट पुसून ठेवलं की झालं, तेच फळ कापायलाही चालतं.

दुकानात हातात घेऊन घेणार असाल तर पातं उघडून लॉक करा आणि आडवं-उभं हलवून बघा, खडखड नको. मग पाठीकडून, म्हणजे बोथट बाजूने, लाकडावर हलकेच दाबा, बोटं मात्र पात्याच्या वाटेत नकोत. लॉक सुटला तर चाकू परत द्या, भाव कितीही कमी करो. आणि दुकानदार हातात न देता काउंटरवर ठेवत असेल तर रागावू नका, आपल्याकडे सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात.

कायद्याचं विचाराल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट आहे, तीही घरकाम-शेतीची हत्यारं सोडून, आपला चाकू त्याच्या निम्म्यालाही जात नाही. तरी जत्रेत, मोर्चात खिशात घेऊन मिरवू नये, अशा वेळी वेगळा हुकूम निघालेला असू शकतो. आणि मोपाला विमान पकडायला जाताना तो चेक-इनच्या बॅगेत गेला पाहिजे, केबिनमध्ये गेला की गेलाच.

उरलेल्या पैशात दोन बाजूंचा धारेचा दगड आणला, एक बाजू खरबरीत एक गुळगुळीत. हा खर्च बजेटमध्ये आधीच धरून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत महागातला चाकूही बोथटच. पंधरा-वीस अंशांचा कोन धरायचा, एका बाजूला जेवढं घासलं तेवढंच दुसऱ्या बाजूला, घाई नको. मामी आता दर रविवारी आदोळीबद्दल सुचवायला लागलीय, ती मात्र माझ्या आवाक्यातली नाही.

आता पाचवीतला भाचा मागे लागलाय, मामा मला कधी. ओपिनेलकडे मुलांसाठी गोल टोकाचा ७ नंबर येतो, कडी तीच, टोक मात्र टोचत नाही. तो बघून ठेवलाय. बहिणीला अजून काही बोललेलो नाही.